शंभर लिटर दर्या

समुद्राची कृती तशी साधी आहे: एक लिटर पाणी, ३५ ग्रॅम मीठ. अडचण या दोन जिनसांमध्येच आहे. मीठ स्वयंपाकघरातलं चालत नाही, कारण ते जवळजवळ निव्वळ सोडियम क्लोराइड असतं. समुद्रात त्याच्या जोडीला मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, सल्फेट, बायकार्बोनेट असा सगळा गोतावळा असतो. तो मापात मिसळलेलं मरीन सॉल्ट बादलीत विकत मिळतं. पाणी नळाचं चालत नाही, कारण त्यात क्लोरीन असतं आणि शेवाळाला आवडेल असं बरंच काही असतं. घरातल्या आरओचंही थेट चालत नाही. त्यातले उरलेसुरले क्षार डीआय रेझिनमधून गाळून टीडीएस मीटरवर शून्य यावं लागतं. म्हणजे आधी पाण्यातून सगळं काढायचं आणि मग मोजूनमापून सगळं परत घालायचं. डोंबिवलीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या भाड्याच्या वन बीएचकेमध्ये, बाथरूमच्या बादलीत, मी हा उद्योग दर रविवारी करते.

समुद्र लोकलने दीड तासावर असताना हे कशाला, असं सगळे विचारतात. मुंबईच्या किनाऱ्याला लागून जे पाणी आहे त्यात शहराचं सांडपाणी आहे, बोटींचं तेल आहे, आणि आज काय आहे ते उद्या असेलच असं नाही. शंभर लिटरच्या टाकीला असला बेभरवसा परवडत नाही. हे उत्तर मित्रमैत्रिणींना पटतं. आजीला पटलं नाही.

आजी देवबागची. मालवणच्या दक्षिणेला, एका बाजूला कर्ली नदी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र, मधे वाळूची एक चिंचोळी पट्टी, ते देवबाग. आजोबांचा रापणीत वाटा होता. आजीने आयुष्यभर मासे निवडले, सुकवले, विकले आणि खाल्ले. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ती जानेवारीत माझ्याकडे आली. एक डोळा झाला की दुसरा, असं करत पाच महिने राहिली. नेमकी त्याच आठवड्यात माझी काचेची टाकी घरी आली होती: ६० सेंटिमीटर लांब, ४५ रुंद, ४५ उंच. काठोकाठ भरली तर १२० लिटर. वाळू, दगड आणि वरची रिकामी जागा वजा जाता साधारण शंभर. पाणी, काच, दगड आणि स्टँड धरून दीडशे किलोचा ऐवज. तो खोलीच्या मधोमध न ठेवता भिंतीलगत, बीमच्या बाजूला ठेवला.

आजीने पट्टी लावलेल्या डोळ्याने टाकीकडे बघितलं आणि विचारलं, "खावचे नाय तर पोसतस कित्याक?"

मी म्हटलं, मला घरात समुद्राचा एक तुकडा हवाय.

"दर्यो घरात इलो की काय करता, ता माका विचार," ती म्हणाली आणि आत गेली.

यावर मला बोलता येईना. आमच्या देवबागच्या घरामागे माडांच्या तीन ओळी होत्या असं बाबा सांगतात. माझ्या लहानपणी दोन होत्या. आता एक आहे, आणि तिच्या मुळांखालची वाळू दर पावसाळ्यात थोडी थोडी जाते. एका जुलैत उधाणाचं पाणी मागच्या पडवीत आलं होतं. समुद्र माझ्यासाठी सुट्टीतली जागा होती, आणि आजीसाठी तो कधीही न विचारता आत येणारा शेजारी.

तर टाकी. गोड्या पाण्याच्या अॅक्वेरियममध्ये आणि रीफ टँकमध्ये फरक फक्त मिठाचा नाही. रीफ टँक म्हणजे प्रवाळाच्या खडकावर जे जग असतं ते छोट्या प्रमाणात उभं करायचं: तळाला वाळू, त्यावर सच्छिद्र दगड, पाण्याला सतत हलतं ठेवणारे पॉवरहेड, वर निळसर पांढरा लाइट. यातला सगळ्यात महत्त्वाचा घटक दिसतच नाही. तो दगडांच्या छिद्रांत राहतो. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो, तो विषारी. काही जीवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारी. दुसरे जीवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात, आणि ते थोड्या प्रमाणात चालून जातं. ही दोन्ही कुळं दगडांवर वसल्याशिवाय टाकीत मासा सोडणं म्हणजे त्याला त्याच्याच घाणीत गुदमरवणं. वसायला चार ते सहा आठवडे लागतात. आणि त्यांना वसवायचं तर आधी खायला अमोनिया द्यावा लागतो. त्याचा जुना उपाय असा, की एक कच्ची कोळंबी पाण्यात टाकायची आणि कुजू द्यायची.

मी बाजारातून आणलेल्या पाव किलोतली एक बाजूला काढली, सोलली आणि टाकीत सोडली. आजी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. मासे नसलेल्या पाण्यात खायची वस्तू सडायला टाकलेली तिने आयुष्यात पाहिली नसावी. "बरा सुंगट नासवलंस," एवढंच म्हणाली. संध्याकाळच्या कालवणात मला एक कोळंबी कमी वाढली.

पुढचे पाच आठवडे माझ्या हॉलमध्ये पाणी होतं, वाळू होती, दगड होते आणि सडकी कोळंबी होती. लाइटही बंद ठेवला होता. येणारे-जाणारे विचारायचे, "मासे कुठायत?" मी दर दोन दिवसांनी काचेच्या नळीत पाच मिलिलिटर पाणी घेऊन त्यात थेंब टाकायचे. अमोनियाच्या चाचणीचं पाणी पिवळं असेल तर शून्य, हिरवं झालं तर आहे. आधी ते गडद हिरवं झालं. तिसऱ्या आठवड्यात फिकट. मग नायट्राइटची नळी निळ्याची जांभळी झाली आणि बरेच दिवस तशीच राहिली. एके दिवशी ती निळीच राहिली. इतक्या दिवसांत डोळ्यांना काहीच दिसलं नव्हतं, पण पाण्यात कुणीतरी राहायला आलं होतं. ऑफिसात सगळ्याच गोष्टी 'कालपर्यंत' हव्या असतात; घरी मात्र असं एक काम होतं ज्याला मी कितीही घाई केली तरी ते आपल्याच वेळेत होणार होतं. मला त्याचा आराम वाटायला लागला.

लाइट सुरू केल्यावर आधी वाळूवर तपकिरी थर आला. हे डायाटम, प्रत्येक नव्या टाकीत येतात. त्यामागून हिरवं शेवाळ. त्यासाठी गोगलगायी आणि छोटे संन्यासी खेकडे आणले. दुसऱ्याच्या रिकाम्या शंखात राहणारा, मोठा झाला की नवा शंख शोधणारा खेकडा. म्हणजे माझ्यासारखाच अकरा महिन्यांच्या करारावरचा. त्याच्यासाठी मी वेगवेगळ्या मापांचे चार रिकामे शंख कोपऱ्यात ठेवून दिले.

मग प्रश्न आला कोरलचा.

कोरल ही वनस्पती नाही आणि दगडही नाही. तो प्राणी आहे. खरं तर टाचणीच्या डोक्याएवढ्या ते बोटाच्या पेराएवढ्या हजारो प्राण्यांची वसाहत. त्यांच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं, ते उन्हावर अन्न बनवतं आणि घरमालकाला वाटा देतं. घरमालक त्याच्या बळावर चुनखडीचा सांगाडा बांधत जातो, आणि त्या सांगाड्यांचे थर म्हणजे प्रवाळ खडक. रीफ टँकचे जे फोटो बघून आपण या नादाला लागतो, त्यातला सगळा रंग कोरलचा असतो.

मुंबईतल्या एका मासेबाजारात, नाव राहू दे, एका दुकानदाराने मला आतल्या खोलीत नेलं. थर्माकोलच्या खोक्यात, पाण्याच्या पिशव्यांत, तीन-चार तुकडे होते. एक तर मेंदूसारख्या वळ्यांचा, हिरवा, फारच देखणा. "इम्पोर्टेड आहे मॅडम," तो म्हणाला. कागद मागितल्यावर म्हणाला, "कागद कोण बघतं?"

भारतात दगडी प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. हा कायदा १९७२ चा. त्याच अनुसूचीत वाघ आहे. समुद्री पंखे, काळं प्रवाळ आणि समुद्रघोडेही त्याच सुमारास तिथे आले. म्हणजे कायद्याच्या नजरेत आपल्या समुद्रातून तो मेंदूसारखा तुकडा तोडणं आणि विकणं हा मामला वाघाच्या कातड्याच्या पंगतीतला आहे. पण कातड्याचा व्यापारी ते चारचौघांत विकत नाही, आणि हे तुकडे व्हॉट्सअॅपवर फोटो टाकून विकले जातात. 'लाइव्ह रॉक' म्हणून मिळणारा दगडही बहुतेक वेळा प्रवाळाचाच मेलेला सांगाडा असतो. म्हणून मी टाकीसाठी कृत्रिम, भट्टीत भाजलेले सच्छिद्र दगड घेतले होते.

खरं सांगायचं तर त्या खोलीत मला कायदा आठवायला एक-दोन मिनिटं लागली. आधी आठवला तो माझ्या टाकीतला डावा कोपरा, जिथे तो हिरवा तुकडा नेमका बसला असता. मी दुकानातून रिकाम्या हाताने निघाले, पण कोपरा मनातून गेला नाही.

या छंदाची सुरुवातच अशी आहे. इंग्लंडमध्ये १८५४ साली फिलिप हेन्री गॉस या निसर्ग-अभ्यासकाचं 'द अॅक्वेरियम' हे पुस्तक आलं आणि घरोघरी काचेच्या टाक्या ठेवण्याची लाट आली. कृत्रिम समुद्राच्या पाण्याची कृतीही त्याने दिली होती, मोजके क्षार मिसळून केलेली. माझ्या बादलीतल्या मिठाची ती पणजीच. लोक त्याची पुस्तकं घेऊन डेव्हनच्या किनाऱ्यावर गेले आणि खडकांमधल्या डबक्यांतून समुद्रफुलं खरवडून घरी आणू लागले. अर्ध्या शतकानंतर, १९०७ साली, त्याच्या मुलाने, एडमंड गॉसने, वडिलांवरच्या 'फादर अँड सन' या पुस्तकात त्या ओरबाडलेल्या किनाऱ्याचं दुःख लिहिलं. ज्या माणसाला ती डबकी सगळ्यात प्रिय होती, त्याच्या पुस्तकांनीच ती रिकामी केली होती. आज आपण 'व्हायरल' म्हणतो त्यातलाच हा प्रकार, फक्त छापील.

त्या दिवसांत मी प्रवाळांबद्दल जे मिळेल ते वाचत होते, तेव्हा कळलं की प्रवाळ माझ्यापासून इतके लांब नाहीतच. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास आहेत, जिथे १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. विजयदुर्गपासून शंभराहून जास्त किलोमीटर आत समुद्रात, पाण्याखाली अांग्रिया बँक आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचा प्रवाळ खडक. आणि मुंबईतही आहेत. वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवर, त्याच गढूळ पाण्यात ज्याला मी टाकीसाठी नालायक ठरवलं होतं. कोस्टल रोडच्या कामासाठी २०२० साली त्यातल्या काही वसाहती काळजीपूर्वक उचलून दुसरीकडे हलवल्या गेल्या. मी लहानपणी हाजी अलीच्या वाटेवरून किती वेळा गेले असेन. बाजूच्या खडकांवर काय आहे हे कुणी सांगितलं नाही, आणि बघावंसं वाटलंही नाही.

तेव्हा ठरवलं, की माझ्या रीफमध्ये कोरल नसेल. डावा कोपरा मोकळा राहील.

क्लाउनफिश मात्र आणले. दोन, नारिंगी-पांढरे, 'फाइंडिंग निमो'वाले. २००३ मध्ये तो सिनेमा आला आणि माशाला घरी परत जायला मिळावं अशी गोष्ट बघून जगभरच्या मुलांनी तो मासा घरी आणायचा हट्ट धरला. समुद्री शोभिवंत मासे अजूनही बहुतेक समुद्रातूनच पकडले जातात. काही देशांत त्यासाठी खडकांवर सायनाइड फवारलं जातं. क्लाउनफिशच्या बाबतीत निदान एक पर्याय आहे, तो बंदिस्त पैदाशीत वाढतो. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने आपल्याकडे त्याचं तंत्र बसवलेलं आहे. माझे दोघं टाकीतच जन्मलेले, समुद्र न बघितलेले. मी घेतल्या त्या दुकानात ते हॅचरीच्या पिलांचे आहेत याचा कागद होता, आणि तो मी वाचला.

या माशांची कौटुंबिक रचना मी आजीला समजावून सांगितली. सगळे क्लाउनफिश आधी नर असतात. गटात जो सगळ्यात मोठा, दांडगा, तो मादी होतो. दुसऱ्या क्रमांकाचा तिचा नवरा. ती मेली तर नवरा मादी होतो आणि खालचा एक वर सरकतो. छोटा मोठीसमोर अंग थरथरवतो, म्हणजे तुझंच खरं असं कबूल करतो.

आजीने दुसरा डोळाही नुकताच उघडला होता. ती खुर्ची ओढून टाकीसमोर बसली आणि बराच वेळ बघत राहिली. छोटा थरथरला तेव्हा हसली. "घोवाक बरो धाकात ठेवल्यान हा," ती म्हणाली. आजोबांबद्दल काही बोलेल असं वाटलं, पण बोलली नाही. त्यानंतर दुपारची तिची खुर्ची तिथेच असायची.

एका सकाळी वाळूवर लाल-पांढरी क्लीनर कोळंबी आडवी पडलेली दिसली, पाय वर, रिकामी. मी जाळी शोधायला धावले. आजी मागून म्हणाली, "मरूक नाय ता. कात टाकल्यान." दगडामागे खरंच कोळंबी होती, नवं मऊ अंग घेऊन लपलेली. कवच कडक होईपर्यंत ती बाहेर येत नाही. हे मी वाचलेलं होतं. आजीने जाळ्यातले मऊ खेकडे हातात धरलेले होते.

मग मे आला. रीफच्या पाण्याला २४ ते २७ अंश बरं. माझ्या हॉलचं तापमान दुपारी ३४. टाकीला सेकंडहँड चिलर लावला होता. तो पाणी गार करतो आणि खोली तापवतो. एका संध्याकाळी सहाला लाइट गेली. बॅटरीवरचा एअर पंप लावला, त्यामुळे प्राणवायूची सोय झाली. पण चिलर माझ्या छोट्या इन्व्हर्टरवर चालत नाही. आठ वाजता पाणी २९ अंशांवर. फ्रीजरमधल्या बर्फाच्या दोन बाटल्या बंद करून टाकीत तरंगत सोडल्या. आजीने विचारलं, "वारो घातल्यार थंड होतला?" होतं. पाण्याच्या पृष्ठभागावरून वारा गेला की बाष्पीभवन होतं आणि पाणी दोनेक अंशांनी उतरतं. टाकीवाले त्यासाठीच छोटे पंखे लावतात. तिने कपाटावरचं कॅलेंडर काढलं, दुमडलं आणि टाकीच्या उघड्या तोंडावर वारा घालत बसली. हात दुखला की मी, माझा दुखला की ती. साडेदहाला लाइट आली. थर्मामीटरवर २९.४ होतं. मासे कोपऱ्यात जोडीने झोपले होते.

कित्याक, हे तिने त्या रात्री विचारलं नाही.

समुद्रातल्या प्रवाळांना एवढंही सहन होत नाही. नेहमीच्या उन्हाळ्यातल्या कमाल तापमानापेक्षा पाणी एखादा अंश जास्त राहिलं, तेही काही आठवडे, तर ते अंगातल्या शैवालाला बाहेर काढतात आणि पांढरे पडतात. त्याला ब्लीचिंग म्हणतात. लगेच मरत नाहीत, पण उपाशी राहतात. पाणी वेळेत निवलं नाही तर मरतात. १९९८ मध्ये हे पहिल्यांदा जगभर एकदम झालं. एप्रिल २०२४ मध्ये चौथ्या जागतिक ब्लीचिंगची घोषणा झाली, आणि त्याच उन्हाळ्यात लक्षद्वीपचे प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले. हे वाचताना पूर्वी मी आकड्यांवरून पुढे सरकायचे. आता २९.४ म्हणजे काय ते माझ्या मनगटाला माहीत आहे. शंभर लिटरसाठी दोन बायका साडेचार तास लागल्या होत्या.

पाऊस सुरू व्हायच्या आधी आजी देवबागला परत गेली. थांब म्हटलं तर म्हणाली, पावसात घराकडे कुणीतरी असलं पाहिजे. असून ती समुद्राला काय करणार, हे मी विचारलं नाही.

टाकीला आता दीड वर्ष होत आलं. क्लाउनफिश नीट सांभाळले तर वीस-वीस वर्षं जगतात. माझा घराचा करार अकरा महिन्यांचा असतो, नोकरीचा तर तेवढाही भरवसा नाही, आणि इतक्या लांबची जबाबदारी मी आजवर कुणाचीच घेतलेली नाही. पुढचं घर बघताना आता मी आधी बीम कुठे आहे ते बघते. सगळा मिळून खर्च एका बऱ्या फोनएवढा झाला, पण फोन कुणी वीस वर्षं वापरत नाही.

डाव्या कोपऱ्यातल्या दगडावर गुलाबी-जांभळा डाग आलाय, आधी तिळाएवढा होता, आता रुपयाएवढा. ते कोरलाइन शैवाल आहे, एखाद्या गोगलगायीच्या शंखावरून आलेलं असणार. समुद्रात हेच शैवाल सुट्या तुकड्यांना सांधून खडक पक्का करतं, आणि प्रवाळाची अनेक पिल्लं वाहत येतात तेव्हा अशाच जागा शोधून बसतात. माझ्याकडे कुणी वाहत येणार नाही. तरी मी काच पुसताना तो डाग वगळून पुसते.

टाकीतून रोज लिटरभर पाणी उडून जातं. मीठ उडत नाही, म्हणून भर गोड्या पाण्याची घालावी लागते. त्यासाठी काचेवर एक रेघ मारून ठेवली आहे. आजीचा फोन येतो तेव्हा ती त्या रेघेची चौकशी करते. मग मी तिला विचारते, काल उधाणाचं पाणी कुठवर आलं होतं.

"माडापर्यंत," ती म्हणते. "तुझा भरलंस?"

भरलं, म्हणते.